'कोर्टातून बोलतोय, वॉरंट निघालंय' अशा खोट्या धमक्या देऊन कर्ज वसूल करणाऱ्या एजंटांबद्दल न्यायालयांनी काय निकाल दिले आहेत?

तुम्ही लिहिलंय की वैयक्तिक कर्जाचे चार हप्ते थकलेत. स्वतःला 'कोर्टातला साहेब' म्हणवणारा माणूस रोज फोन करून वॉरंट निघाल्याचं सांगतो, व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभ छापलेली 'अटक नोटीस' आली आहे, आणि आता तुमच्या बहिणीलाही फोन जायला लागलेत. मी दिवाणी आणि ग्राहक न्यायालयात काम करणारा वकील आहे. असले फोन आलेली माणसं माझ्यासमोर बसतात तेव्हा त्यांची झोप उडालेली असते, आणि त्यांच्या भीतीचं मूळ बहुतेक वेळा धडधडीत खोटं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वॉरंटबद्दल. कर्जाचे हप्ते थकणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी मामला आहे. बँकेला पैसे हवे असतील तर तिनं दावा लावायचा, हुकूमनामा (म्हणजे पैसे द्या असा न्यायालयाचा अंतिम आदेश) मिळवायचा आणि मग त्याची अंमलबजावणी मागायची. हुकूमनामा हातात असला तरी लगेच तुरुंग नाही. १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की दरिद्रीनारायणाच्या या देशात गरीब असणं हा गुन्हा नाही. ऐपत असूनही माणूस बदमाशीनं पैसे बुडवतोय हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला कर्जासाठी तुरुंगात टाकणं घटनेच्या कलम २१ च्या विरुद्ध आहे. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही. तरीही एजंट बायकांनाच अटकेची भीती जास्त घालतात, याची मला मनापासून चीड येते.

'४२० लावतो' ही धमकीही अशीच. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय. ते लागायला कर्ज घेतानाच बुडवायचा हेतू असावा लागतो. नंतर नोकरी गेली, आजारपण आलं, हप्ता चुकला, म्हणजे फसवणूक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हा फरक स्पष्ट केला आणि पुढे अनेकदा तोच सांगितला.

मात्र एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. तुम्ही बँकेला चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (चेक वगैरेंबद्दलच्या कायद्याच्या) कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते. हप्ता खात्यातून परस्पर कापून घ्यायची परवानगी दिली होती आणि पैसे नसल्यानं तो परत गेला, तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ तसंच काम करतं. पण त्यालाही पायऱ्या आहेत. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यावर ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिनाभरात न्यायालयात तक्रार, आणि मग समन्स. गुन्हा जामीनपात्र आहे. समन्स येऊनही हजर झाला नाहीत तर वॉरंट निघू शकतं. म्हणून खरी नोटीस आणि बनावट नोटीस यांतला फरक कळायलाच हवा.

बनावट नोटिशीचा साचा ठरलेला असतो. वर तीन सिंहांचं चिन्ह, खाली लाल शिक्का, मध्ये ४२० आणि ४०६ अशी जुन्या दंड संहितेतली कलमं, '२४ तासांत भरा', आणि सही कुणा 'लीगल डिपार्टमेंट'ची. खटला क्रमांकाच्या जागी पाहा. तिथे बरेचदा तुमचाच कर्ज खाते क्रमांक छापलेला असतो. न्यायालयाच्या समन्सवर न्यायालयाचं नाव, खटल्याचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, हजर राहायची तारीख आणि न्यायालयाचा शिक्का असतो. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकला की खटला आहे की नाही ते समोर येतं. नावानंही शोधता येतं. तिथे काही नसेल आणि मोबाइलवर तेवढं 'वॉरंट' असेल, तर काय ते समजा. राष्ट्रचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारी नोकर असल्याचं सोंग आणणं हा न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे. म्हणजे तुम्हाला गुन्हेगार म्हणणारा माणूसच गुन्हा करत असू शकतो.

लोकअदालतीच्या नोटिशीचं मात्र वेगळं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून दाखलपूर्व, म्हणजे अजून न्यायालयात न गेलेल्या, प्रकरणांच्या नोटिसा खरोखर येतात. तिथे तडजोड होते, दोन्ही बाजूंच्या संमतीनं. गेला नाहीत म्हणून कुणी अटक करत नाही, पण जाणं बरेचदा फायद्याचं ठरतं.

आता एजंटांबद्दलचे निकाल. बहुतेक गाड्यांच्या कर्जांतून आलेत, कारण एजंट रस्त्यावर गाडी अडवतात आणि प्रकरण चव्हाट्यावर येतं. तत्त्व तुमच्या कर्जालाही लागू आहे. २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आपल्याकडे कायद्याचं राज्य आहे, वसुली आणि गाडीचा ताबा कायदेशीर मार्गानंच घ्यायचा, गुंड नेमून नाही. पुढच्याच वर्षी त्याच बँकेचं दुसरं प्रकरण आलं. दिल्लीतल्या एका तरुणाच्या घरी वसुलीवाले गेले, त्याचा अपमान केला, दुचाकी नेली, आणि त्यानं आत्महत्या केली. आई न्यायालयात गेली. उच्च न्यायालयानं बँकेविरुद्ध मारलेले शेरे काढून टाकावेत म्हणून बँक सर्वोच्च न्यायालयात आली. न्यायालयानं शेरे काढायला नकार दिला. आजही 'ते आमचे कर्मचारी नाहीत, एजन्सीचे आहेत' हे पालुपद ऐकलं की मला ही केस आठवते. एजंटाच्या वागण्याची जबाबदारी बँकेवरच असते, हे रिझर्व्ह बँकेचे नियमही सांगतात.

२०११ मध्ये सिटीकॉर्प मारुती फायनान्सच्या प्रकरणात न्यायालयानं भाडे-खरेदीच्या (हप्ते फिटेपर्यंत मालकी वित्त कंपनीकडे ठेवणाऱ्या) करारातही जबरदस्ती चालणार नाही असं सांगितलं. २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं वसुली एजंटांकरवी गाड्या उचलणं हा जगण्याच्या आणि उपजीविकेच्या हक्काचा भंग ठरवला आणि वित्त कंपन्यांना दंड केला. २०२४ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका बसचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. कर्जदारानं बँकेशी एकरकमी तडजोड करून पैसे भरले होते, तरी बस धड अवस्थेत परत मिळाली नाही. न्यायालयानं त्या वसुली कंपनीला सरळ गुंडांची टोळी म्हटलं.

बहिणीला फोन, शेजाऱ्यांत बोभाटा, यावरही न्यायालयं बोलली आहेत. केरळमध्ये एका सहकारी संस्थेनं थकबाकीदारांचे फोटो आणि नावं फलकावर लावली होती. फलक काढायला सांगितल्यावर संस्था उच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं तिची याचिका फेटाळली: लाज काढून पैसे वसूल करणं म्हणजे माणसाच्या प्रतिष्ठेनं जगण्याच्या हक्कावर आणि खासगीपणावर घाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही चुकीच्या समजुतीत राहाल. २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की भाडे-खरेदीत सगळे हप्ते फिटेपर्यंत गाडीची मालकी वित्त कंपनीची असते, त्यामुळे करारानुसार ताबा घेतला तर ती चोरी नव्हे. न्यायालयं कर्ज माफ करत नाहीत. कर्ज देणाऱ्याचा हक्क खरा आहे, त्याचा रस्ता मात्र कायद्यातून जातो, आणि खोटं बोलून, धमकावून तो रस्ता चुकवता येत नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे. बाकी सगळे निकाल त्याचाच विस्तार आहेत.

अमेरिकेत वसुली करणाऱ्यांच्या खोटेपणासाठी १९७७ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे देशभर लागू होणारा तसा एकच कायदा नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेचे आदेश महत्त्वाचे ठरतात. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि वित्त कंपन्यांना बजावलं गेलं की सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही, शिवीगाळ नाही, चारचौघांत अपमान नाही, कुटुंबीय आणि मित्रांच्या खासगीपणात घुसायचं नाही, आणि खोटी, दिशाभूल करणारी माहिती द्यायची नाही. यातली शेवटची गोष्ट तुमच्यासाठी सगळ्यात कामाची आहे. २००८ च्या परिपत्रकानुसार एजंटाजवळ ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असली पाहिजे, आणि तुमची तक्रार बँकेकडे पडून असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेनं प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचं नाही. वारंवार खोडसाळ तक्रारी करणाऱ्यांचा अपवाद आहे, पण तुम्ही त्यात बसत नाही.

म्हणून लेखी तक्रार आजच करा. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवा. कुठल्या नंबरवरून, कुठल्या तारखेला, किती वाजता फोन आला, काय शब्द वापरले, ते लिहा. बनावट नोटीस जोडा. एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्राची प्रत मागा. त्याच ईमेलमध्ये कर्जाचं पूर्ण स्टेटमेंट मागा आणि तुम्हाला महिन्याला किती भरणं जमेल ते प्रामाणिकपणे सांगा. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर हे वाक्य तुमची नियत दाखवेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. अटकेच्या खोट्या धमकीबद्दल पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठाण्यात 'हा दिवाणी मामला आहे' असं उत्तर मिळालं, तर कर्ज दिवाणी आहे, धमकी आणि तोतयेगिरी नाही, हे शांतपणे सांगा.

फोनचं रेकॉर्डिंग ठेवा, पण ज्या मोबाइलवर ते झालंय तो विकू नका, फॉरमॅट करू नका. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणूक खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये ठरवलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच. मूळ फोन हाताशी असला की तुमचं काम सोपं होतं.

बहिणीला सांगा की ती जामीनदार किंवा सहकर्जदार नसेल तर तिचा या कर्जाशी काहीही संबंध नाही. तिनं फोनवर 'मी भरते' असं भीतीपोटी म्हणू नये आणि कुठेही सही करू नये.

कधीकधी वॉरंटऐवजी 'लवादाचा (म्हणजे करारानुसार न्यायालयाबाहेर वाद सोडवणाऱ्या मध्यस्थाचा) निवाडा झालाय' असा मेसेज येतो. तो दुर्लक्षित करू नका, कारण लवाद खरा असू शकतो आणि निवाड्याची अंमलबजावणी न्यायालयातून होते. पण कंपनीनं स्वतःच्या मर्जीनं एकटा लवाद नेमला असेल, तर २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाप्रमाणे त्या नेमणुकीला आव्हान देता येतं. निवाड्याला आव्हान द्यायची मुदत तीन महिन्यांची आहे, तेव्हा कागद हातात आला की लगेच वकील गाठा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तडजोड ठरलीच तर एजंटाच्या खात्यावर किंवा त्यानं पाठवलेल्या क्यूआर कोडवर एक रुपयाही टाकू नका. बँकेच्या लेटरहेडवर तडजोडीची रक्कम, शेवटची तारीख आणि 'यानंतर काही येणं बाकी नाही' असा मजकूर आला, की थेट कर्ज खात्यात पैसे भरा आणि नंतर ना-देय प्रमाणपत्र मागून घ्या.