एका प्रथिनावर चार-पाच वर्षं?

तुमचं पत्र वाचलं. मुलगी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एससी. करते आहे आणि लिस्टेरिया या जंतूतल्या ‘पीआरएफए’ नावाच्या एकाच नियामक प्रथिनावर (म्हणजे रोगकारक जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनावर) पीएच.डी. करायची म्हणते. रोगजंतूंत हात घालणं धोक्याचं, आणि पुढे एवढ्याशा विषयाला विचारणार कोण, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

धोक्याचं आधी. लिस्टेरिया जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीवर हाताळतात, क्षयाच्या जंतूसारखा तिसऱ्या नाही. शिस्त लागतेच, गरोदरपणात किंवा प्रतिकारशक्ती कमी असताना तर या जंतूपासून लांबच राहायचं. शिवाय यातलं बरंचसं काम शुद्ध केलेल्या प्रथिनावर आणि डीएनएच्या तुकड्यांवर चालतं, तिथे जिवंत रोगजंतू नसतोच.

आता ‘एवढ्याशा’ विषयाकडे येऊ. लिस्टेरिया मातीत, कुजणाऱ्या पाल्यात निवांत राहतो, फ्रिजच्या थंडीतही वाढतो. तोच शरीरात शिरला की पेशींमध्ये घुसतो. जनुकं तीच, मग वागणं का बदलतं? थंडीत या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवण्याचा निरोप नेणारा रेणू, स्वतःवरच दुमडलेला असतो, त्यामुळे प्रथिन फारसं तयार होत नाही. ३७ अंशांना ती घडी उलगडते. हे २००२ मध्ये दाखवलं गेलं. पण जंतू नुसत्या उबेवर विसंबत नाही: पेशीतला ग्लुटाथायोन हा छोटा रेणू या प्रथिनाला चिकटला की मगच रोगकारक जनुकं जोमाने सुरू होतात. उलट वनस्पतींतून येणारी सेलोबायोज साखर त्यांना आवर घालते. हे प्रथिन कायम चालू ठेवणारे उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेले) जंतू शरीराबाहेरच्या चढाओढीत मागे पडतात. रोगकारकता जंतूला फुकट मिळत नाही, हे मला या विषयातलं सगळ्यात रंजक वाटतं.

तेव्हा ती शिकणार आहे ते एक प्रथिन नव्हे, तर जंतू परिसर कसा ओळखतो हे शोधण्याची पद्धत. कॉलऱ्याच्या जंतूतलं टॉक्सआर, साल्मोनेलातलं फॉसपी या नियामक प्रथिनांच्या अभ्यासालाही तीच लागते. फॉसपी निकामी केलं की साल्मोनेला जगतो, पण त्याची रोगकारकता खूप घटते. म्हणून लशीसाठी अशा दुबळ्या जंतूंचा विचार झाला. २००५ मध्ये कॉलऱ्याच्या टॉक्सटी या नियामकाला अडवणारा व्हर्स्टॅटिन हा रेणू सापडला. त्याचं औषध झालेलं नाही, हेही सांगायला हवं.

नोकरी देणारा मात्र ‘पीआरएफए येतं का?’ असं विचारणार नाही. जनुक काढता-घालता येतं का, प्रथिन शुद्ध करता येतं का, आरएनए सिक्वेन्सिंगची (कोणती जनुकं चालू आहेत हे दाखवणारी) माहिती संगणकावर स्वतः तपासता येते का, हे बघेल. शेवटचं येत नसेल तर आत्ताच शिकायला लावा. औषधशोध, अन्नसुरक्षा, किण्वन उद्योग, सगळीकडे ते चालतं.

माझी शंका वेगळी आहे. तिने हे काम केलंय की फक्त वाचलंय? प्रथिन डीएनएला चिकटलं की जेलमध्ये, म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या लगद्यात, डीएनएची पट्टी मागे रेंगाळते. पुस्तकात ती सुबक दिसते, प्रत्यक्षात आठवडेच्या आठवडे नुसते फराटे उमटतात. आधी सहा महिन्यांचा प्रकल्प करू द्या. फराटे पाहूनही ती दुसऱ्या दिवशी मीठ कमी-जास्त करून पुन्हा जेल लावत असेल, तर अडवू नका. आणि गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी तिला एकटीला बोलू द्या. तुम्ही सोबत असलात तर ते मोकळेपणाने बोलणार नाहीत.