एल्फिन्स्टन 'वकील' कसा?

प्रश्न असा आहे: 'दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातला इंग्रज वकील माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' असं वाचनात आलं. हा गृहस्थ कायदा शिकलेला होता, की भाषांतर फसलंय?

दोन्ही नाही. एल्फिन्स्टन १७९६ मध्ये जेमतेम सोळाव्या वर्षी कंपनीच्या चाकरीत कलकत्त्याला उतरला. कायदा शिकायला सवड कुठली? 'वकील' हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ज्याच्यावर काम सोपवलं तो, दुसऱ्याच्या वतीने बोलणारा, एवढाच त्याचा अर्थ. तो कोर्टात बोलतो की दरबारात, हे शब्द सांगत नाही. (ज्याच्या वतीने बोलायचं तो अशील. हा अरबी 'असील', म्हणजे मूळ धनी. आपला 'अस्सल' त्याच घरातला.)

पेशवाईत वकील म्हटलं की दरबारच डोळ्यांपुढे येई. दिल्लीत हिंगणे आणि हैदराबादेत गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील. पंढरपुरात १८१५ मध्ये ज्यांचा खून झाला, ते गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांची वकिली करायला पुण्यात आले होते. पुढे इंग्रजी अंमलात कोर्टं उभी राहिली, तिथे पक्षकारासाठी बोलणाऱ्यालाही हेच नाव मिळालं आणि जुना अर्थ मागे पडला. पुरता गेला मात्र नाही. 'अमेरिकन वकिलात' म्हणताना आपण तोच वापरतो, आणि तिथे कुणी काळा कोट शोधत नाही.

म्हणजे ते वाक्य भाषेच्या दृष्टीने बरोबर आहे. तरी मला ते खटकतं, आणि त्याचं कारण एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीतच आहे. १८०८ मध्ये त्याला अफगाण दरबारी पाठवलं. फ्रेंच इराणमार्गे येतील ही धास्ती होती. पेशावरला तो अफगाण राजा शाह शुजाला भेटला, तह केला आणि परत फिरला. शुजाची गादी लवकरच गेली, ते सोडा. (काबूलच्या राज्यावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला, पण काबूल काही त्याने पाहिलं नाही!) ही खरी वकिली: निरोप न्यायचा, बोलणी करायची, घरी यायचं.

पुण्यात १८११ पासून तो होता रेसिडेंट, म्हणजे दरबारी कायम बसवलेला कंपनीचा प्रतिनिधी. हे पद वेगळं. वसईच्या तहाने आलेली कंपनीची तैनाती फौज त्याच्या पाठीशी होती. तो बोलणी करी तशी धमकीही देई. जून १८१७ च्या पुणे तहात तर त्याने पेशव्यांकडून कबूल करून घेतलं की परदरबारी वकील ठेवायचे नाहीत, परक्यांचे आपल्याकडे घ्यायचे नाहीत, जे काही बोलायचं ते रेसिडेंटमार्फत. ज्याने पेशव्यांचे वकील बंद केले, त्यालाच आपण वकील म्हणतो! त्याच नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि संगमावरची रेसिडेन्सी जळाली.

तेव्हा पेशावरच्या संदर्भात 'वकील' बिनदिक्कत लिहावं. नागपूर (तिथेही तो आधी रेसिडेंट होता) आणि पुण्यासाठी 'रेसिडेंट'च ठेवावा. 'राजदूत' मात्र नको: तो राजाचा नव्हे, कंपनीचा माणूस होता.