वाचकांचे प्रश्न : शंभरचा प्लॅन, मोबाइलवर चाळीसच

प्रश्न : घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण मोबाइलवर वेग ४०च्या वर जात नाही. दुसरी कंपनी तेवढ्याच पैशांत २०० देतेय. बदलू का?

उत्तर : थांबा. दोष कंपनीचा की वायफायचा, ते आधी बघा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, बाकी सगळ्यांचं नेट बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट घ्या. ९०-९५ आले तर कंपनी पुरेपूर देतेय. मोबाइल बहुधा वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या संथ पट्ट्यावर अडकलाय. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. त्याला भिंती फारशा झेपत नाहीत, तेव्हा राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. केबलवरही ४०च? मग हीच चाचणी सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास घ्या. रात्रीच वेग पडत असेल, तर एका लाइनवर गिऱ्हाइकं जास्त कोंबलेली असण्याची शक्यता मोठी. खुशाल बदला.

पण राउटरचा वॅन पोर्ट (कंपनीची केबल जिथे लागते ती जागा) १०० एमबीपीएसचाच असेल, तर २००चा प्लॅन घेऊनही आकडा ९५च्या पुढे सरकणार नाही. गिगाबिट (१००० एमबीपीएसच्या) पोर्टचा राउटर मागा.

किमतीत कर, जोडणी शुल्क आणि राउटरचं डिपॉझिट धरून बारा महिन्यांचा हिशोब मांडा. अपलोड किती आणि डेटा मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे लेखी घ्या. सेवेबाबत जाहिरात वाचूच नका. तुमच्याच इमारतीतल्या, त्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला विचारा, केबल तुटली तेव्हा माणूस किती तासांनी आला?