मुलीला पहिल्यांदा परीकथेच्या संगीत नाटकाला नेताना

हौशी मंडळींच्या नाटकाला लहान मुलीला पहिल्यांदा नेताना काय करावं, असं तुम्ही विचारलंत. मुलगी चार वर्षांची आहे ना, मग गोष्ट आदल्या रात्रीच सांगून ठेवा. नाटक सिंड्रेलाचं आहे, तेव्हा भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट विसरू नका. हे दोन्ही तपशील फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या कथेतले, आणि हौशी मंडळींची कसोटी तिथेच लागते. भोपळ्याची गाडी रंगमंचावर होणार कशी? क्षणभर काळोख, पेटीवर लांबवलेला सूर, विंगेतून ढकललेली पुठ्ठ्याची गाडी. गोष्ट ठाऊक असलेलं मूल त्या काळोखाला घाबरत नाही, त्याची वाट बघतं.

नाटक गोव्यातल्या मडगावच्या रवींद्र भवन नाट्यगृहात आहे, तिथे पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका. स्पीकरचा आवाज लहान कानांना फार होतो. मधल्या वाटेलगतची कडेची खुर्ची घ्या, रडू आलं तर पटकन बाहेर पडता येतं. स्वेटर हवाच. तिसऱ्या घंटेच्या आत जागेवर बसा.

आणि टाळ्या मनापासून वाजवा. ही माणसं दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करतात, आपल्या जत्रेतल्या नाटकांसारखीच. कोणी वाक्य विसरलं तर हसू नका, मुलीलाही तसं सांगा. मोबाइलवर चित्रण तर नकोच. त्या उजेडाने नटाची नजर विचलित होते.

पडदा पडल्यावर लगेच गाडीकडे धावू नका. सावत्र आई झालेल्या बाईंना तिला भेटवा. माझी लेक तेव्हा त्यांचा हात धरून म्हणाली होती, “तू खरी वाईट नाहीस ना?”