तीन वर्षांच्या मुलीसोबत प्राणी-पक्षी बघायचेत, पण राहतो फ्लॅटमध्ये. सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन-चार वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यांसमोर आलं. तुम्ही लिहिलंय की मुलगी दिसेल त्या कुत्र्या-मांजरामागे धावते, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, बाग म्हणजे गॅलरीतल्या सात-आठ कुंड्या, प्राणी पाळणं जमणार नाही, आणि तुम्हाला स्वतःला किड्यांची किळस येते. तरी तिची आवड टिकावी असं वाटतं. यातली किळसेची गोष्ट तुम्ही लिहिलीत हे फार बरं केलंत, तिच्याबद्दल पुढे सांगते.

आम्ही नाशिकला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. लेक अडीच वर्षांची असताना तिला हौसेनं प्राणिसंग्रहालयात नेलं. वाघ लांब सावलीत झोपलेला. तिला तो दिसलाच नाही. ती बाकाखाली सांडलेला एक चुरमुरा ओढून नेणाऱ्या मुंग्या बघत उकिडवी बसली, आणि तिथून उठायलाच तयार होईना. त्या दिवशी मला कळलं की या वयाला लांबचं आणि मोठं काही नको असतं. हाताच्या अंतरावरचं, हलणारं आणि उद्याही तिथेच सापडणारं हवं असतं.

म्हणून माझं उत्तर एवढंच आहे: कढीपत्त्याची एक कुंडी आणा आणि रोज थोडा वेळ तिच्यापाशी दोघी बसा. रोपवाटिकेत विचारून औषध न फवारलेलं रोप घ्या.

कढीपत्ताच का? कारण कॉमन मॉर्मन नावाचं काळं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. नराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी रांग असते, शहरातही अगदी सर्रास दिसतं. लिंबाच्या कुंडीवरही येतं. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी-पांढरी आणि ओलसर. मी पहिली अळी पाण्याने धुऊन टाकणार होते. पक्षी फसावा म्हणूनच ते रूप असतं, मीही फसले. शेवटची कात टाकली की तीच अळी हिरवीगार होते आणि फुगलेल्या खांद्यांवर दोन खोटे डोळे येतात.

लेकीने त्या हिरव्या अळीच्या पाठीला हलकेच बोट लावलं तेव्हा डोक्यामागून एकदम दोन लालसर शिंगं बाहेर आली, ओली आणि चकचकीत, आणि कुजक्या फळासारखा उग्र वास सुटला. लेकीने हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगावर काटा आला होता, पण मी म्हणाले, "तिला आवडलं नाही वाटतं." शिंगं हळूहळू आत गेली. लेक अळीला म्हणाली, "सॉरी हं." त्यानंतर तिने अळीला कधी डिवचलं नाही. प्राण्यांना त्रास देऊ नये हे मी तिला शंभर वेळा सांगून जे झालं नसतं ते त्या शिंगांनी केलं.

मग खाणं सुरू होतं. कोवळी फांदी दोन दिवसांत फस्त. खाली कुंडीत काळ्या गोळ्यांचा खच पडतो, आणि तीन वर्षांच्या मुलीला "ही अळीची शी" यापेक्षा मोठा आनंद नसतो. कोष करायच्या आधी अळी पातळ शी करते, खाणं थांबवते आणि जागा शोधत भटकायला लागते. आमची एक अळी कुंडीवरून उतरून गॅलरीच्या गजावर गेली. तिथे रेशमाच्या बारीक दोऱ्याने स्वतःला कमरेशी बांधून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तिथे कोष होता. आठ-दहा दिवसांनी तो गडद पडतो, आतले पंख बाहेरून दिसू लागतात. बहुतेकदा सकाळीच फुलपाखरू बाहेर येतं. पंख चुरगळलेले, ओल्या फडक्यासारखे. ते पसरायला आणि वाळायला बराच वेळ लागतो. त्या दिवशी घाई करू नका, शाळेची रिक्षा चुकली तरी चुकू द्या.

सगळे कोष फुटत नाहीत, हेही आधीच सांगते. एकदा एक कोष तपकिरी होत गेला आणि तसाच राहिला. मग एका सकाळी त्याला टाचणीने पाडल्यासारखं भोक दिसलं, आणि आतून मुंगीहून लहान, चमकत्या अंगाच्या माश्या एकामागून एक बाहेर येत होत्या. ही गांधीलमाशीच्या गोतातली बारीक जात असते. आई कोवळ्या कोषात अंडी घालते आणि पिल्लं आतलं खाऊन वाढतात. लेकीने विचारलं, "फुलपाखरू कुठंय?" तो कोष गुपचूप काढून टाकावा आणि उडून गेलं म्हणावं, असा मोह मला झाला. पण मी खरं सांगितलं, की ते झालंच नाही, या माश्यांच्या पिल्लांनी ते खाल्लं. ती रडली. मग बराच वेळ माश्या बघत राहिली आणि म्हणाली, "यांची पण आई असेल ना?" मुलांना मरण झेपत नाही असं आपण धरून चालतो. आपण जवळ बसलेलो असलो तर झेपतं, असा माझा अनुभव आहे.

आता किळस. माझी पालीची भीती जुनी. स्वयंपाकघरात पाल दिसली की मी किंचाळायचे, आणि दीड वर्षाची लेक, जी एरवी पालीकडे टक लावून बघत बसली असती, तीही किंचाळायला लागली. तिने ते माझ्याकडूनच उचललं होतं. मी ठरवलं की भीती वाटली तरी आवाज करायचा नाही. दोन पावलं मागे उभं राहायचं आणि मोठ्याने फक्त दिसेल ते बोलायचं: "दिव्यापाशी आहे. किडा बघतेय. पकडला." एवढं बोलता बोलता माझंच लक्ष भीतीवरून पालीवर जायला लागलं. भीती आजही पूर्ण गेलेली नाही, पण लेकीला ती माझ्याकडून आणखी मिळालेली नाही.

पक्ष्यांसाठी मातीचा उथळ परळ गॅलरीत ठेवा, मध्ये एक दगड, पाणी दोन बोटं. रोज घासून पाणी बदलायचं, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आमच्याकडे पहिले अकरा दिवस कुणीच फिरकलं नाही, मग एक बुलबुल आला आणि पाणी प्यायच्या ऐवजी त्यात आंघोळच करून गेला. चिमण्या आल्या की नर-मादी ओळखायला शिकवा. नराच्या गळ्याखाली काळा डाग असतो, मादी फिकी तपकिरी. "हा घास चिऊचा" म्हणत मुलांना जेवू घालताना खरी चिऊ समोर असली, तर जेवणही जरा लवकर आटपतं. आमच्याकडे आता "चिऊबाबा आला" अशी वर्दी मिळते. कबुतरांना मात्र दाणे टाकू नका. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ छातीला वाईट, आणि एकदा वळचणीला आली की ती जात नाहीत.

पावसाळ्यात गोगलगाय सापडली तर स्वच्छ काचेच्या झाकणावर ठेवून खालून बघा, पोटाच्या लाटा सरकताना दिसतात. बघून झालं की जिथून आणली तिथेच सोडा, आणि हात साबणाने धुवा. जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर गावाकडे जाणं झालं तर शेतात मृगाचा किडा शोधा, लाल मखमलीचा ठिपकाच चालतोय असं वाटतं. पाय मोजायला लावा. आठ निघतील, म्हणजे तो कोळ्याच्या गोतातला.

काही गोष्टींना हात लावायचाच नाही, हे पहिल्या दिवसापासून सांगा: केसाळ सुरवंट, गोम, विंचू, गांधीलमाशीचं पोळं. रस्त्यावरच्या कुत्र्यामागे धावणं आधी थांबवा. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिल्लांसोबतच्या कुत्रीजवळ अजिबात जाऊ द्यायचं नाही. दात किंवा नख लागलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच डॉक्टरकडे जायचं, ओरखडा कितीही लहान असला तरी. आणि कुणी पिंजऱ्यातला पोपट भेट देऊ केला तर नको म्हणा. आपले पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटली की पानं उलटसुलट करून रोज बघत जा. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं, गोल, फिकट पिवळं असतं आणि एकेकटंच घातलेलं असतं. दिसलं की मुलीकडून त्या फांदीला लाल दोरा बांधून घ्या. आमच्या सासूबाईंनी पहिल्या वेळी अंड्यासकट ती फांदी आमटीच्या फोडणीला घातली होती. आता सासूबाईच सकाळी कढीपत्ता तोडण्याआधी नातीला हाक मारून विचारतात, "आज कुठली फांदी तोडू गं?"