हॉलिवूडच्या व्हायोला डेव्हिसला ऑस्कर मिळालं ते सहाय्यक अभिनेत्रीचं. मग मुख्य भूमिकेत ती कमी पडते असं म्हणायचं का?

अजिबात नाही. हा वाद आमच्या घरात २०१७ पासून चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

ते ऑस्कर 'फेन्सेस' या चित्रपटातल्या रोझसाठी होतं. याच रोझसाठी २०१० मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या रंगभूमीवर, तिला टोनी हे नाटकाचं पारितोषिक मिळालं, तेही मुख्य अभिनेत्रीचं. नाटक तेच ऑगस्ट विल्सनचं, समोर नवरा ट्रॉयही तोच, डेन्झेल वॉशिंग्टन. त्याआधी १९८७ मध्ये रोझ करणाऱ्या मेरी ॲलिसला टोनी मिळालं होतं, पण सहाय्यक गटात. आता यात भूमिका बदलली की नुसता रकाना?

२०१० च्या उन्हाळ्यात माझे दीर आणि जाऊबाई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. भावोजींना डेन्झेल प्रत्यक्ष बघायचा होता. तिकिटं महाग, तरी गेलो कॉर्ट थिएटरला. मध्यंतरानंतर ट्रॉय बायकोला सांगतो, की बाहेरच्या बाईला आपल्यापासून दिवस गेलेत. वर रडगाणं, की अठरा वर्षं मी एकाच जागी उभा आहे. तिथे रोझ फुटते. अरे, मीही तिथेच उभी होते ना, तुझ्याबरोबर! व्हायोला नाक-डोळे वाहत असताना बोलत होती आणि पुसायचं भान तिला नव्हतं. डेन्झेलसारखा माणूस त्या दहा फुटांत लहान दिसायला लागला. बाहेर पडताना भावोजी म्हणाले, "बाई रडली छान, पण नाटक डेन्झेलचं." जाऊबाई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

पुढे ऑस्करच्या दिवशी घरच्या ग्रुपवर भावोजींचा मेसेज आला, "शेवटी सहाय्यकच ना?"

तर कारण साधं आहे. त्या वर्षी मुख्य गटात 'ला ला लँड'ची एमा स्टोन होती. सहाय्यक गटात व्हायोलाचं पारडं जड होतं, म्हणून ऑस्करसाठी तिचा प्रचार तिथे झाला. हा हिशेब आहे, अभिनयाची प्रतवारी नव्हे. २००८ च्या 'डाउट'मध्ये तर मेरिल स्ट्रीपसमोर जेमतेम एका प्रसंगावर तिने नामांकन मिळवलं होतं. मुख्य भूमिकाच मोजायची तर २०१५ चं एमी, म्हणजे टीव्हीचं पारितोषिक, बघा. ड्रामा मालिकेतल्या मुख्य भूमिकेसाठी ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री.

हां, ट्रॉयची भूमिका रोझपेक्षा बरीच लांब आहे, हे कबूल. आणि 'द हेल्प' व 'मा रेनीज ब्लॅक बॉटम'साठी मुख्य गटात नामांकनं मिळूनही ऑस्कर हुकलं, हेही खरं.

चित्रपट बघाच, ब्रॉडवेच्या त्या प्रयोगातली बरीच मंडळी त्यात आहेत. घरातल्या पुरुषांना शेजारी बसवून बघा. रोझ त्या परक्या बाईचं पोर पदरात घेते आणि नवऱ्याला सांगते, की आजपासून तुला बायको नाही. हा प्रसंग भावोजींना आठवत नाही. मी विचारलंय.