ताजा कलमातली मुलगी

प्रश्न : मी प्रेसमध्ये (छापखान्यात) नोकरी करून निवृत्त झालो. मुलगी २३ वर्षांची, संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, ७८ टक्के आहेत. तिने तहसीलदार व्हावं अशी माझी इच्छा आहे. क्लास लावला आहे, दोन वर्षांची मुदत दिली आहे. तोवर पोस्ट निघाली नाही तर लग्न. ती मध्येच एम.एस्सी. करते म्हणते. तिला समजवावं. ता.क. हल्ली ती घरात फारशी बोलत नाही, जेवणही कमी झालंय.
– एक वडील, नाशिकरोड

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र मी शेवटाकडून वाचलं. मुलगी जेवत नाही, बोलत नाही, हे तुम्ही ताजा कलमात लिहिलंत आणि टक्के मात्र वर. माझ्यासाठी हा क्रम उलटा आहे.

तुम्ही तिला मुदत दिली, पण ती कशाच्या हिशेबावर? तहसीलदार व्हायचं तर राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा द्यावी लागते. त्यात पूर्व, मुख्य, मुलाखत आणि मग नियुक्ती, ही एक फेरीच बरेचदा वर्ष-दीड वर्ष खाते. २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे लिहिण्याचा सराव नव्याने आला. खुल्या वर्गाला वयाची मर्यादा ३८ आहे. आयोगाला घाई नाही, घाई तुम्हाला आहे. आणि 'नाहीतर लग्न' म्हटल्यावर लग्न ही नापास झाल्याची शिक्षा ठरते. ज्या घरी ती जाईल तिथे हाच शिक्का घेऊन जाईल. ही अट आजच मागे घ्या. मनातल्या मनात नको, तिच्यासमोर बसून, तोंडाने सांगा.

जन्मभर साहेबांपुढे उभं राहिलेल्या माणसाला आपलं लेकरू खुर्चीत बसलेलं पाहायचं असतं. ती इच्छा मला कळते, तिच्यात वाईट काही नाही. पण गंगापूर रोडच्या अभ्यासिकांमधली अशी अनेक मुलं माझ्याकडे येतात, जी सकाळी सातला जाऊन रात्री नऊला परततात आणि ज्यांना 'तुला स्वतःला काय व्हायचंय' विचारलं की आधी शेजारच्या खुर्चीतल्या वडिलांकडे बघतात. तुमच्या पूर्ण पत्रात मुलीचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे : एम.एस्सी. करते. आणि नेमकं तेच मी खोडून काढावं असं तुम्हाला वाटतं.

मी ते खोडणार नाही, कारण तुमचा एक मोठा गैरसमज त्याच वाक्यात अडकलाय. एम.एस्सी. केली की सरकारी नोकरी हातची गेली, असं तुम्ही धरून चाललात. संख्याशास्त्राच्या बाबतीत हे सपशेल चूक आहे. यूपीएससी भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेते. त्यात पूर्वपरीक्षा नाहीच. लेखी १००० गुणांची, त्यातले ८०० गुण संख्याशास्त्राचे, आणि मुलाखत २०० ची. पदवीला संख्याशास्त्र असलं की बसता येतं, वय ३० पर्यंत चालतं, आणि निवड झाली की थेट केंद्राची गट 'अ' सेवा. जागा थोड्याच असतात आणि पेपर सोपे नसतात, म्हणूनच एम.एस्सी.ची दोन वर्षं इथे वाया जात नाहीत. अभ्यासाचा पायाच तिथे पक्का होतो. रिझर्व्ह बँकेच्या सांख्यिकी विभागातल्या ग्रेड बी अधिकाऱ्याला तर बहुतेकदा पदव्युत्तर पदवी लागते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येतं, राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालयही आहे. महागाईचा निर्देशांक, बेरोजगारीचे आकडे, नमुना पाहणी यांच्यामागे हेच लोक असतात. त्यांच्या गाडीवर दिवा नसेल, पण सरकार त्यांच्या आकड्यांवर निर्णय घेतं. तहसीलदार हा सरकारातला एक दरवाजा आहे, आणि तुमच्या मुलीच्या हातातली किल्ली दुसऱ्याच दरवाजाची आहे.

बँकेच्या पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येतात. त्या जोडीला ठेवायच्या की नाही, हे तिलाच ठरवू द्या.

आता काय करायचं? क्लासची फी भरली म्हणून तिथे जायलाच हवं, असं म्हणू नका. महिनाभर तिला अभ्यासिका बंद ठेवू द्या. घरात परीक्षेचा विषय काढू नका, नातेवाइकांनाही काढू देऊ नका. तरीही झोप-जेवण सुधारलं नाही तर डॉक्टरांकडे न्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, तो नंबर तिला द्या. हे करिअरच्या आधी.

ती सावरली की पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची प्रवेशाची माहिती तिलाच काढू द्या. यूपीएससीच्या संकेतस्थळावर सांख्यिकी सेवेच्या मागच्या प्रश्नपत्रिका आहेत. त्यातली एक छापून तिच्या टेबलावर ठेवा. सोडव म्हणू नका, किती आलं विचारू नका. आणि मला पुढचं पत्र लिहायचं असेल तर ते तिला लिहू द्या.